रीसायकल पॉलिएस्टर घेतलं की झालं का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही दोघे मित्र सह्याद्रीतल्या ट्रेकर्ससाठी पावसाळी जॅकेट आणि फ्लीस (लोकरीसारखं मऊ, उबदार सिंथेटिक कापड) बनवणारा छोटा ब्रँड काढताय. कापड रीसायकल पॉलिएस्टरचं, पॅकिंगला प्लॅस्टिकऐवजी कागद. एवढ्यावर 'पर्यावरणपूरक' म्हणता येईल का, आणि पॅटागोनिया या अमेरिकी आउटडोअर कपड्यांच्या कंपनीसारख्या कंपन्या याहून वेगळं काय करतात?

मी सत्तावीस वर्षं कापडधंद्यात आहे. पहिली आठ एका प्रोसेस हाऊसच्या डाइंग लॅबमध्ये गेली, पुढची सगळी परदेशी आउटडोअर ब्रँड्सच्या सोर्सिंगमध्ये. त्यामुळे उत्तर शिलाईपेक्षा कापडाच्या बाजूने येईल. एवढ्यावर म्हणता येणार नाही. रीसायकल पॉलिएस्टर जरूर घ्या, पण जॅकेटच्या हिशेबात तो मोठा आकडा नव्हे. कापड कसल्या बॉयलरवर रंगलं, पाणी झटकायला त्यावर काय चढवलं आणि तुम्ही किती नगांची ऑर्डर दिलीत, हे आकडे त्याहून मोठे. हँगटॅगवर यातलं काहीच छापत नाहीत. पर्चेस ऑर्डरमध्ये मात्र सगळं असतं, म्हणून मी नव्या ब्रँडची आधी ऑर्डर बघते, टॅग नंतर.

पॅटागोनियाचं उदाहरण तुम्हीच काढलंत, तर तिथूनच सुरू करू. नोव्हेंबर २०११ मध्ये, अमेरिकेत वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी होते त्या 'ब्लॅक फ्रायडे'च्या दिवशी, या कंपनीने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली: हे जॅकेट घेऊ नका. खाली स्वतःच्याच आर-टू नावाच्या फ्लीस जॅकेटचा हिशेब मांडला होता. एका जॅकेटला १३५ लिटर पाणी, सुमारे ९ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि जॅकेटच्या वजनाच्या दोन तृतीयांश कचरा. आता मुद्दा बघा. त्या जॅकेटमध्ये ६० टक्के पॉलिएस्टर रीसायकलचं होतं. म्हणजे तुम्ही जिथे पोचायचं म्हणताय तिथे ते आधीच पोचले होते, आणि तिथे उभं राहून 'एवढं पुरत नाही' असं सांगत होते. (त्यानंतर त्यांची विक्री वाढलीच. त्यावरून त्यांना ढोंगी म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पूर्ण पटत नाही, पण तो डाग पुसताही येत नाही.)

बाटल्यांचा धागा त्यांनी १९९३ मध्ये फ्लीसमध्ये आणला. प्रक्रिया साधी आहे: बाटल्या निवडायच्या, धुवायच्या, फ्लेक करायचे, वितळवून चिप्स, चिप्समधून धागा. नव्या पॉलिएस्टरपेक्षा ऊर्जा बरीच कमी लागते, हे खरं. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, आणि तिचं जॅकेट झालं की प्रवास बहुधा तिथेच संपतो. शिवाय धुतल्यावर प्लॅस्टिकचे बारीक तंतू सुटायचे ते सुटतातच. पॅटागोनियानेच पैसे देऊन सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून अभ्यास करून घेतला, तो २०१६ मध्ये आला. सिंथेटिक जॅकेटमधून एका धुण्यात सरासरी १.७ ग्रॅम तंतू निघाले, जुन्या जॅकेटमधून नव्याच्या जवळपास दुप्पट.

रीसायकल धाग्याची खरी गोम कागदपत्रांत आहे. पुरवठादार तुम्हाला जीआरएसचं, म्हणजे ग्लोबल रीसायकल्ड स्टँडर्डचं, सर्टिफिकेट दाखवेल. नीट वाचा. बहुतेक वेळा ते स्कोप सर्टिफिकेट असतं. 'या कारखान्याला असा माल करता येतो' एवढंच ते सांगतं. तुमच्या रोलमध्ये रीसायकल धागा आहे की नाही हे सांगणारं वेगळं असतं, ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे टीसी. ते त्या व्यवहारापुरतंच निघतं, त्यावर मालाचं वजन आणि इन्व्हॉइस नंबर असतो. टीसीला पैसे पडतात, दिवस लागतात, म्हणून छोट्या ऑर्डरला मिलवाले टाळाटाळ करतात. 'मॅडम, माल तोच आहे हो, कागदाचं काय एवढं,' हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. कागदाचं काय एवढं, त्याचं उत्तर २०२० मध्ये मिळालं. ऑक्टोबरात जीओटीएस या सेंद्रिय कापसाच्या मानकाने भारतातल्या २० हजार टन कापसाची प्रमाणपत्रं बनावट असल्याचं उघड केलं आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. तेव्हा टीसी नसेल तर टॅगवर 'रीसायकल' छापू नका. आणखी एक: जीआरएसचा लोगो ग्राहकासमोर लावायचा तर मालात निदान ५० टक्के रीसायकल हवं. २० टक्क्यांवर सर्टिफिकेट मिळतं, लोगो मिळत नाही.

आता रंगाईकडे या. पॉलिएस्टरचा धागा घट्ट, त्यात रंग साध्या उकळत्या पाण्यात नीट शिरत नाही. म्हणून जेट मशीनमध्ये दाबाखाली १३० डिग्रीपर्यंत पाणी तापवतात, डिस्पर्स रंग चढवतात, वर गडद शेड असेल तर कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायनं घालून रिडक्शन क्लिअरिंग, म्हणजे वर राहिलेला सुटा रंग काढणं, मग धुणं, मग स्टेंटरवर वाळवणं. हे सगळं वाफेवर आणि तापलेल्या तेलावर चालतं आणि ती उष्णता बहुतेक ठिकाणी कोळशाची असते. जॅकेटच्या कार्बनचा मोठा हिस्सा इथे आहे. शिलाईच्या कारखान्यात नाही, दुकानात तर नाहीच. ब्रँडच्या ऑफिसच्या छतावर सोलर पॅनल बसवल्याचा फोटो वार्षिक अहवालात बघितला की मला त्या बॉयलरची आठवण येते.

एक प्रसंग सांगते, म्हणजे ब्रँडच्या टेबलावर बसून हे कसं बिघडवता येतं ते कळेल. आमच्याकडे एका युरोपियन ब्रँडचं पेट्रोल ब्लू शेडचं काम होतं. लॅब डिप, म्हणजे लॅबमध्ये रंगवलेला छोटा नमुना, पास, पहिला बल्क लॉट दिवसाच्या उजेडाच्या लाइटबॉक्सखाली पास, पण दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात किंचित हिरवट. तिकडच्या डिझायनरबाईंनी नापास केला. ट्रेकला ट्यूबलाइट कुठून येणार, पण असो. लॉट पुन्हा जेटला लावला, टॉपिंग दिलं, म्हणजे वरून थोडा रंग चढवला, आता जास्त निळा. तिसऱ्यांदा रंग काढून परत रंगवला. शेवटी कापडाचा हातच, म्हणजे स्पर्शाचा मऊपणाच, गेला, म्हणून सगळा लॉट काळ्यात मारला आणि पेट्रोल ब्लूसाठी नवं कापड घेतलं. एकाच ऑर्डरसाठी पाच वेळा पाणी भरलं, पाच वेळा १३० डिग्रीला नेलं. उशीर झाला म्हणून निम्मा माल जहाजाऐवजी विमानाने पाठवावा लागला आणि विमानाचा कार्बन जहाजाच्या कित्येक पट. ते जॅकेट दुकानात लागलं तेव्हा त्याच्यावर रीसायकल कागदाचा टॅग होता, कागदी सुतळीने बांधलेला. टॅग मीच मंजूर केला होता.

तर तुमच्यासाठी: शेड बँड लवचीक ठेवा. 'या दोन टोकांमधलं काहीही चालेल' असं लिहून द्या. तीन रंगांवर जाऊ नका. त्यातला काळा डोप डाइड घ्या. त्यात धागा काढतानाच चिप्समध्ये रंग मिसळतात, त्यामुळे रंगाईची ती सगळी आंघोळ वाचते. डोप डाइडमध्ये बाकी रंगांना एमओक्यू, म्हणजे किमान ऑर्डर, टनांत असतो, तुम्हाला झेपणार नाही. काळा मात्र तयार मिळतो.

मिल निवडताना बॉयलर कशावर चालतो ते विचारा. कोळसा, गॅस की भुश्शाच्या ब्रिकेट? मग ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, बघायला मागा, आणि बघायला म्हणजे चालत जाऊन. सांडपाण्याच्या टाकीपाशी उभं राहून मीटरचं रीडिंग आणि लॉगबुक जुळतंय का ते बघा, गाळाच्या पोत्यांचं काय होतं ते विचारा. महाराष्ट्रातली मिल असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत मागा. रोज किती पाणी सोडायची परवानगी आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. इचलकरंजीच्या खाली पंचगंगेचं काय झालं ते कोल्हापूरकडच्या कुणालाही विचारा. तामिळनाडूत तिरुप्पूरला तर नोय्यल नदी रंगाच्या पाण्याने अशी गेली की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या डाइंग युनिट्सना सरसकट टाळं लावायला सांगितलं. आज तिथे झेडएलडी, म्हणजे पाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी पद्धत, सक्तीची आहे. ती चांगली आहे, पण फुकट नाही. मीठ वेगळं काढायला पाणी आटवावं लागतं, त्याला पुन्हा वाफ लागते. नदी वाचवली त्याचा कोळसा बॉयलरमध्ये जळतो. या धंद्यात एकच आकडा बघणारा माणूस नेहमी फसतो.

आता पाणी झटकणारं फिनिश. आपण त्याला डब्ल्यूआर, म्हणजे वॉटर रिपेलंट, फिनिश म्हणतो. इथे जरा थांबा, कारण तुमच्या जॅकेटमधला सगळ्यात विषारी निर्णय इथे होऊ शकतो.

जॅकेटवर पाण्याचे मोती होऊन ओघळतात ते कापडामुळे नाही, त्यावरच्या फिनिशमुळे. वर्षानुवर्षं ते फ्लोरिनच्या रसायनांचं होतं, ज्यांना आज पीएफएएस म्हणतात. आधी आठ कार्बनची साखळी, म्हणजे सी-८, मग 'सुरक्षित' म्हणून सहाची, सी-६. ही रसायनं पाणीही झटकतात आणि तेलही, म्हणून सगळ्यांना आवडली. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका पक्का की निसर्गात तो सहजी तुटत नाही, आणि ही रसायनं माती-पाण्यात आणि रक्तात साठत जातात. ग्रीनपीसने जानेवारी २०१६ मध्ये आउटडोअरच्या ४० वस्तू तपासून घेतल्या, त्यातल्या फक्त चारांत ही रसायनं सापडली नाहीत. डोंगर वाचवा म्हणणारा हा उद्योग, आणि त्याच्याच जॅकेटांत हे.

याचं टोक बघायचं तर इटलीतलं त्रिसिनो हे गाव. १९६० च्या दशकात मार्झोत्तो या कापड उद्योगसमूहाने तिथे संशोधनासाठी कारखाना काढला आणि कापडाला पाणीरोधक करणारी फ्लोरिनची रसायनं बनवायला सुरुवात केली. पुढे मालक बदलले, नाव मितेनी झालं. २०१३ मध्ये व्हेनेतो प्रांतातलं भूजल दूषित झाल्याचं समोर आलं, सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता. २०१८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली, उतरवली गेली आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आली. रसाळ-सुमार-महिपत या गडांचा ट्रेक करून खेडला उतरलात तर औद्योगिक वसाहत तिथून लांब नाही. तिथे काय होतंय यावर मी इथे काही म्हणणार नाही. एवढंच, की 'हे तिकडचं प्रकरण' म्हणून सोडून द्यायची सोय आपल्याला राहिलेली नाही.

कायदे आता आले आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत पीएफएएसला बंदी आहे, अतिपावसातल्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत मुभा. फ्रान्सने कपड्यांसाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख धरली. जलरोधक कापडाच्या गोर-टेक्स या ब्रँडने २०२२ पासून कापडाआडच्या फ्लोरिनच्या पडद्याऐवजी पॉलिइथिलीनचा पडदा आणला. पॅटागोनियाने २०२५ पर्यंत नव्या मालातून ही रसायनं काढली. आणि त्यांच्याही आधी इंग्लंडची पारामो नावाची लहानशी कंपनी फ्लोरिनशिवाय पावसाळी कपडे करत होती. तिचा गवगवा कमी झाला, कारण तिचे जॅकेट दिसायला जरा बोजड.

तुम्ही 'सी-०', म्हणजे फ्लोरिनमुक्त, फिनिश मागा आणि मिलकडून रसायनाचं नाव व एकूण फ्लोरिनचा लॅब रिपोर्ट घ्या. रिपोर्ट यायच्या आधी घरी एक कच्ची चाचणी करता येते, मी अजून करते. नमुन्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि शेजारी गोडेतेलाचा एक. दोन्ही मोत्यासारखे उभे राहिले तर फ्लोरिनचा संशय घ्या. पाणी उभं राहिलं आणि तेल पसरून मुरलं, तर बहुधा सी-०. एका पुरवठादाराने 'फ्लोरिन-फ्री' म्हणून पाठवलेल्या नमुन्यावर तेलाचा थेंब दहा मिनिटं ढिम्म बसून होता. मी त्याला व्हिडिओ कॉल लावून तो थेंब दाखवला. 'चुकून दुसरं सॅम्पल आलं वाटतं,' म्हणाला.

सी-० चा तोटा ग्राहकाला आधीच सांगा. ते तेल झटकत नाही. घाम, सनस्क्रीन, चुलीचा धूर बसला की लवकर ओलं धरतं. उपाय म्हणजे जॅकेट धुणं. आपल्याकडे उलटा समज आहे की धुतल्याने वॉटरप्रूफ जातं. साध्या सौम्य साबणाने धुवायचं, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, वाळल्यावर वरून सुती कापड ठेवून हलकी इस्त्री. उष्णतेने फिनिश पुन्हा उभं राहतं. हे मराठीत लेबलवर छापून आत शिवून द्या.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. तुम्ही थ्री-लेयर लॅमिनेटचं जॅकेट करायचं म्हणताय. वर कापड, मध्ये श्वास घेणारा पडदा, आत जाळी, सगळं गोंदाने चिकटवलेलं. आल्प्ससाठी ठीक. पडद्यातून घामाची वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत हरिश्चंद्रगडावर ती कुठून आणणार? बाहेर हवा पाण्याने भरलेली, चढाला तुम्ही घामाने निथळताय, पडदा बिचारा दोन्हीकडून ओला. वर ट्रेकहून आलं की लोक ओलं जॅकेट सॅकमध्येच विसरतात. दमटपणात पॉलियुरेथेनचा पडदा कुजतो, दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात, शिवणीवर आतून चिकटवलेली सीम टेप लोंबते. एकदा लॅमिनेट सुटलं की ना ते दुरुस्त होतं ना रीसायकल होतं, कारण त्यात नायलॉन, पॉलियुरेथेन, पॉलिएस्टर सगळं एकमेकांना चिकटलेलं.

कोकणातल्या लावणीच्या बाया पाठीवर इरलं घ्यायच्या ते आठवा: पाठ झाकलेली, खालून-बाजूने हवा खेळती. आपल्या पावसाला तोच घाट योग्य आहे. एकाच जातीच्या पॉलिएस्टरचा, आतून कोटिंग दिलेला, काखेत लांब चेन असलेला ढगळ पोंचो किंवा अर्धं जॅकेट करा. स्वस्तात होईल, जास्त टिकेल, चुकून फाटलं तर नाशकातला कुठलाही शिंपी शिवून देईल. मी स्वतः पावसाळ्यात छत्री आणि साधी विंडचीटर घेऊन जाते. आउटडोअर ब्रँड्सची माणसं हसतात, हसू देत. आणि फ्लीस सध्या सोडाच. बाजारात गरजेपेक्षा जास्त आहे आणि तंतू सोडण्यात तेच पुढे.

दुरुस्तीबद्दल. पॅटागोनियाचं मला सगळ्यात पटतं ते हेच. नेवाडातल्या रीनो इथे त्यांचं दुरुस्तीचं मोठं केंद्र आहे. पण दुरुस्ती केंद्रात सुरू होत नाही, पॅटर्न कापताना होते. जॅकेट टाकून द्यायचं सगळ्यात नेहमीचं कारण कापड नसतं, चेनचा रनर असतो. दीडशे रुपयांचा रनर जातो आणि चार हजारांचं जॅकेट माळ्यावर. म्हणून चेन अशी लावा की अस्तर न उसवता काढता येईल. नावाजलेल्या कंपनीची, नेहमीच्या मापाची चेन घ्या, आणि पहिल्या लॉटबरोबरच शेकडा दहा जास्तीचे रनर, बटणं, दोऱ्या आणि थोडं कापड घेऊन ठेवा. पाच वर्षांनी तो रंग मिळणार नाही. कटिंगच्या चिंध्यांतून निघणारे मोठे तुकडे फेकू नका, तीच तुमची ठिगळं.

'पर्यावरणपूरक' हा शब्द मात्र छापू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, पुराव्याशिवाय असे मोघम दावे करता येत नाहीत. नॉर्वेत २०२२ मध्ये नॉरोना या आउटडोअर ब्रँडला तिथल्या ग्राहक प्राधिकरणाने सेंद्रिय सुती टी-शर्टांवरच्या दाव्यांवरून दोषी धरलं. त्यांनी आकडे मनाचे घातले नव्हते, हिग इंडेक्स या उद्योगाच्याच पद्धतीची सरासरी वापरली होती. पण सरासरी म्हणजे तुमचा टी-शर्ट नव्हे, असं प्राधिकरणाचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. तुम्ही साधं लिहा: कापड अमुक टक्के रीसायकल पॉलिएस्टर, टीसी क्रमांक अमुक, फिनिश फ्लोरिनमुक्त, रंगाई अमुक गावी, बॉयलर ब्रिकेटवर. बॉयलर कोळशावर असेल तर कोळशावर लिहा.

तुम्ही पहिला लॉट किती नगांचा धरलाय ते पत्रात नाही. प्रत्येक मापात, प्रत्येक रंगात शंभर-शंभर असा विचार असेल तर थांबा, कारण उरलेला माल सेलमध्ये काढायला लागला की वरचं सगळं केलेलं वाया. मापाप्रमाणे आगाऊ नोंदणी घ्या, त्यावर दहा टक्के जास्त शिवा. मिलचा एमओक्यू आड येत असेल तर दोन रंगांचा एक करा. आकडा आणि मिलचं संमतीपत्र पाठवा, बघून कळवते.